जुम्म्याला (शुक्रवारच्या सामूहिक नमाजला) पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

अस्सलामु अलैकुम. नोकरीनिमित्त गावात नव्याने आलेल्या सभासदांनी उद्या जुम्म्याला बिनधास्त यावे. वजू (नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणे) शक्यतो घरूनच करून या, हौदाशी ऐनवेळी गर्दी होते. खुतबा (नमाजाआधीचे इमामांचे प्रवचन) सुरू झाला की बोलायचे नाही. शेजाऱ्याला ‘गप्प बस’ एवढेसुद्धा नाही. उशीर झाला तर मागेच बसा, लोकांच्या खांद्यांवरून पुढे घुसू नका. जमातीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून, 2 रकात (नमाजाचे फेरे) होतात. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई (सुन्नींमधला एक पंथ), त्यामुळे फातिहानंतर (कुराणाच्या पहिल्या सुरेनंतर) आमीन मोठ्याने म्हणतात, रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलतात. हनफी (दुसऱ्या सुन्नी पंथाच्या) भावांनी गोंधळू नये, आपापल्या पद्धतीने पढावे. चपला पायरीवर नकोत, फळीवर ठेवा. गेल्या जुम्म्याला माझी एकच चप्पल उरली होती, तीही डावी!