रकान्यात काय लिहू, विचारलंस म्हणून

प्रिय बाय,

तुझा फोन झाल्यापासून मन थाऱ्यावर नाही. जर्मनीत नोंदणीच्या फॉर्मवर धर्म 'कॅथलिक' लिहिला, की आयकराच्या 8-9 टक्के रक्कम चर्चच्या नावाने पगारातून वेगळी कापतात; मग काय लिहू, असं तू विचारलंस. मम्मी म्हणाली, "पैशासाठी देव सोडायचा?" मी गप्प बसलो. हा प्रश्न नुसता पैशाचा नाही.

तिथे 2022 या एका वर्षात 5 लाखांहून जास्त कॅथलिकांनी चर्चमधून नाव काढलं. कर हे एक कारण. पण बिशपांनीच करवून घेतलेल्या 2018च्या अहवालात, 1946 ते 2014 या काळात धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या किमान 3,677 मुलांची नोंद आहे. हे वाचून कुणी बाहेर पडला, तर त्याला अश्रद्ध म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या वसईत अजून चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेला गर्दी असते. तरी तुझ्या वयाची मुलं कमी दिसतात. सहा दिवस विरार लोकलमध्ये लोंबकळून रविवारी उशिरापर्यंत झोपलं तर ते पाप कसं? आमच्या वेळी मिस्सानंतर चर्चच्या आवारातच केळीचे भाव कळत, सोयरिकी जुळत. आता बागा गेल्या, इमारती आल्या, शेजारच्या बाकावरचा माणूस कोण ते कळत नाही. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर मिस्सा पाहणारे काही जण तर परत आलेच नाहीत. 'मुलं बिघडली' असं प्रवचनात ऐकलं की मला वाईट वाटतं.

तुला कधी सांगितलं नाही. तू चौथीत असताना मी अकरा महिने मिस्साला गेलो नव्हतो. आजीच्या मातीच्या दिवशी चर्चच्या एका कारभाऱ्याने चारचौघांत थकलेल्या वर्गणीचा विषय काढला. ते मनाला फार लागलं. रविवारी सकाळी मी वाडीत शिंपण करत बसायचो. कुणी विचारायला आलं नाही. एवढी वर्षं चर्चमध्ये गात होतो, तरी कुणी नाही! मग एक दिवस शेजारच्या काकू दारात आल्या, "तुझी जागा रिकामी दिसते रे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या रविवारी मी गेलो.

बाय, रकान्यात खरं असेल तेच लिही. मी रागावणार नाही. तुमच्या तिथल्या मोठ्या चर्चमध्ये वीसेक म्हातारी माणसं असतात, म्हणालीस ना? रकाना भरण्याआधी दोन-तीन रविवार त्यांच्यात जाऊन बस. कुणी तुझं नाव विचारलं का, ते मला कळव.

तुझे
पप्पा