रेंडर नको, फाइल तपासा

महोदय,

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट ही नकाशे आणि मॉडेल करण्याची सॉफ्टवेअर शिकवली जातात. मात्र विद्यार्थ्याला त्यातले नेमके काय येते हे मोजताना परीक्षकापुढे बहुधा छापील शीट आणि झगमगीत रेंडर, म्हणजे संगणकावर तयार केलेली इमारतीची चित्रेच असतात. (रेंडर पैसे देऊनही करून मिळतात, हे वेगळे सांगायला नको.) सांगलीतील माझ्या कार्यालयात उमेदवारीला येणाऱ्या मुलांच्या फाइल उघडल्या की खरी स्थिती कळते: भिंती, खिडक्या, मापे सगळे वेगवेगळ्या लेयरवर (थरांवर) न ठेवता एकाच लेयरवर, आणि माप जुळत नाही म्हणून आकडा चक्क हाताने टाइप केलेला.

२००५ आणि २०१९ चे महापूर सोसलेल्या या शहरात जोत्याची उंची ऐनवेळी वाढवण्याचा प्रसंग येतोच. अशा वेळी बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) पद्धतीच्या, म्हणजे ज्यातून सगळे नकाशे निघतात अशा एकाच त्रिमितीय मॉडेलमध्ये पातळी एकदा बदलली की छेद आणि दर्शनी नकाशेही सुधारतात, अर्थात मॉडेल मुळात नीट बांधलेले असेल तरच. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला समोर बसवून असाच एखादा बदल करून घ्यावा आणि त्याला स्वतंत्र गुण ठेवावेत. सॉफ्टवेअर कोणतेही चालेल.

— एक वास्तुविशारद, सांगली