आत्याचा रिपोर्ट आणि माझा

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

आईसाठी तू फुल बॉडी चेकअपचं जे पॅकेज बघून ठेवलंयस, त्यात सीए-१२५ नावाची अंडाशयाच्या कॅन्सरची एक रक्ततपासणी आहे. आत्या त्या कॅन्सरनं गेल्यापासून तुला आईची धास्ती बसलीय, हे कळतंय मला. पण आईचं आणि आत्याचं रक्ताचं नातं नाही. माझं आहे, आणि माझ्यातून तुझं नि दादाचं आहे. फोनवर हे धड बोलणं झालं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

आत्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी करून घेतली होती. बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला, त्यानं अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुझ्या आजीला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला होता, म्हणजे बहुधा तो आजीकडूनच आला असणार. आत्यानं मला बजावलं होतं, "तू पण तपासून घे, तुला पोरगी आहे." घेतलं तपासून. माझ्यातही तोच दोष आहे. मला दुखतखुपत काही नाही, घाबरू नकोस. पण तुझ्यात तो असण्याची शक्यता निम्मी आहे, दादाच्यातही निम्मी. अंडाशयाचा आजार म्हणजे आईकडूनच येणार असं सगळे धरून चालतात. बापाकडूनही तो तितकाच येतो. डॉक्टरनं घरातल्या आजारांचं विचारलं की आईकडच्या मावशी-आजीवर थांबू नकोस, माझ्या बाजूच्या आजीचं आणि आत्याचं आधी सांग.

आता त्या सीए-१२५ चं. रक्तातलं हे एक प्रथिन, ३५ च्या वर गेलं की रिपोर्टवर ठळक छापून येतं. पण ते मासिक पाळीत वाढतं, गर्भाशयातल्या साध्या गाठींनी वाढतं, एंडोमेट्रिओसिसनं (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं त्यानं) वाढतं, पोटाच्या टीबीनंही वाढतं. आणि कॅन्सर खरंच सुरुवातीला असतो तेव्हा निम्म्या बायकांत ते वाढलेलंच नसतं. उद्यमनगरात, कारखान्यात, चांगला जॉब (तयार झालेला भाग) रिजेक्ट करणारा आणि खराब जॉब पास करणारा गेज, म्हणजे मापायचं साधन, आम्ही बाजूला काढून ठेवतो. इंग्लंडमध्ये २००१ पासून दोन लाखांवर बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला, ५० ते ७४ वयाच्या. काहींची दरवर्षी रक्ततपासणी, काहींची सोनोग्राफी, बाकीच्यांचं काहीच नाही. २०२१ मध्ये निकाल आला. रक्ततपासणीच्या गटात सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण जास्त सापडले खरे, पण मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात तीन हजारांवर बायकांना खोटी धोक्याची घंटा मिळाली, त्यातल्या हजारभर जणींचं ऑपरेशन झालं, आणि त्या ऑपरेशनांतही दर शंभरात पंधराजणींना गंभीर त्रास झाला. कॅन्सर नसताना! म्हणून ज्या बाईला काही त्रास नाही आणि घरात कुणाला हा आजार नाही, तिनं ही तपासणी करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्रास असेल तर गोष्ट वेगळी. तिथं हीच रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लगेच व्हायला हवी. आत्याचं तिथंच अडलं. रविवारी आपल्याकडं जेवायला आली की पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी स्वतः उठून घ्यायची ती. तीच अर्ध्या वाटीत "पोट भरलं" म्हणून हात धुवायला लागली. दंड वाळत चालले होते आणि परकराची नाडी मात्र पुरेना, आईकडून लांब नाडी ओवून घेतली तिनं. रात्री लघवीला सारखं उठायची. या सगळ्याला पित्त आणि गॅसच्या गोळ्या मिळाल्या, मग वयाचं कारण मिळालं. पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून घरचेही निर्धास्त झाले. पॅप स्मिअर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर शोधतो, अंडाशयाचं त्यात काही कळत नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. पोटातलं पाणी काढायची वेळ आली तोवर आजार पसरला होता.

तेव्हा आईकडं लक्ष ठेवायचं ते असं. पोट फुगणं, चार घासांत भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला घाई होणं. यातलं काहीही नव्यानं सुरू झालं आणि महिन्यातून बारा दिवसांपेक्षा जास्त राहिलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जायचं आणि सोनोग्राफी मागून घ्यायची. या वयात पहिल्यांदाच पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या तर त्या पित्तावर ढकलायच्या नाहीत. हा आजार पहिल्या टप्प्यात सापडला तर शंभरातल्या नव्वदजणी पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. पसरल्यावर तो आकडा तिसाच्या आसपास येतो.

तुझं मात्र वेगळं आहे. साधारण बाईला आयुष्यात हा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एकीच्या जरा वर. बीआरसीए-१ चा दोष असेल तर शंभरात चाळीसच्या आसपास. स्तनाच्या कॅन्सरची त्याहून जास्त. पण आधी कळलं तर हातात बरंच काही राहतं. स्तनांची एमआरआय पंचविशीपासून दरवर्षी करतात. अंडाशयासाठी भरवशाची तपासणी अजून नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर पस्तीस ते चाळीस या वयात अंडाशय आणि गर्भनलिका काढून टाकायचा सल्ला देतात. यातले बरेच कॅन्सर मुळात नलिकेच्या टोकाला सुरू होतात, म्हणून नलिकाही काढायच्या. धोका पुष्कळ उतरतो. त्याची किंमतही आहे, पाळी लवकर जाते, हाडं सांभाळावी लागतात. आज तुला यातलं काहीच ठरवायचं नाहीये.

काकू म्हणाल्या, पोरीचं लग्न व्हायचंय, हे आत्ता कशाला काढताय. मी त्यांना सांगितलं की लपवून केलेलं स्थळ मला नको. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, मलापण नको. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव. तपासणी करायची की अजून थांबायचं तेही तूच ठरव. मला विचारशील तर कर, आणि रक्त द्यायच्या आधी जेनेटिक समुपदेशकाशी बोल. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये तो विभाग आहे. मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येतो, तू पुण्याहून ये, बरोबर जाऊ. दादालाही असंच पत्र टाकलंय.

आत्याच्या आणि माझ्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे. जनुकात नेमका कुठं बदल झालाय ते दुसऱ्या पानावर लिहिलंय, तेवढंच तुझ्यात शोधायचं असतं. त्यानं खर्च कमी येतो आणि उत्तर पक्कं मिळतं. नुसतं "घरात बीआरसीए आहे" सांगून भागत नाही, तो कागदच घेऊन जा. आणि आईच्या पॅकेजमधून ती सीए-१२५ तेवढी काढायला सांग. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन राहू दे, ती गेल्या वर्षापासून टाळतेय.

तुझे,
बाबा