साच्याला पाणी दाखवू नकोस

चि. महेश यास आबांचे अनेक आशीर्वाद.

गळाची शिशाची वजनं तू घरीच ओततोस, हे सूनबाईकडून कळलं. रत्नागिरीत दुकानात मिळतात की लेका! पण नाद लागल्यावर कोल्हापूरच्या माणसाला कोण अडवणार? साचा तापला की तो बादलीत बुडवून गार करतोस, हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही.

शिसं वितळतं ३२७ अंशाला, पाणी उकळतं १०० ला. साच्याच्या सांध्यात किंवा तारेच्या खाचेत थेंबभर पाणी राहिलं आणि वरून रस पडला, तर त्याची क्षणात वाफ होते आणि ती सोळाशे पटीहून जास्त जागा मागते. बंद साच्यात तिला एकच वाट, ओतायच्या तोंडातून वर. येताना रसही उडवते, आणि तू तर वाकून बघत असतोस.

तू म्हणशील, आबा, तुम्ही उद्यमनगरात ओल्या वाळूतच लोखंड ओतत होता. होतो. पण त्या वाळूत पाणी शेकडा तीन-चार, तेही जोखून. दाण्यांमधून वाफ निघून जाते, वर आम्ही तारेनं भोकं पाडायचो. तुझ्या ॲल्युमिनियमच्या साच्यातून काय निघणार? बिडाचा असता तर बादलीत तडकलाही असता.

दोन साचे ठेव. एक भरायचा, तोवर दुसरा कोरड्या जाड पत्र्यावर उघडा टाकायचा; पत्रा उष्णता ओढून घेतो. पंखा लावलास तर वारा साच्यावर येऊ दे, भांड्यावर नको. वजनं पांढुरकी, दाणेदार निघायला लागली की साचा जास्त तापलाय समज आणि हात थांबव. सुरकुत्या पडल्या तर तो गार आहे. पहिल्या ओतीआधी साचा शेकून घ्यायचाच, पावसाळ्यात तर नक्की, नुसत्या हवेनंही त्याला ओल धरते. निघालेली वजनं कोरड्या सुती फडक्यावर टाक. बादली त्या पडवीतच नको.

चष्मा, चामड्याचे बूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. नायलॉन अंगाला चिकटतं.

आणि पिंकीला तिकडं फिरकू देऊ नकोस. धुरापेक्षा मला वितळलेल्या शिशावर जमणाऱ्या राखेची भीती वाटते. ती जमिनीवर पडते आणि पोरांचे हात तोंडात जातात. राख ओल्या फडक्यानं पुसायची, पण भट्टी पुरती गार झाल्यावर. ते कपडे वेगळे धुवा, हात साबणानं धुतल्याशिवाय चहाला बसू नकोस.

जुन्या बॅटरीच्या पाट्या वितळवायला आणल्या असशील तर आजच भंगारवाल्याला परत दे. त्यात आम्ल असतं आणि त्यातून निघणारा वायू जीवघेणा. गणपतीला येशील तेव्हा साचा घेऊन ये, सांधा नीट बसतो का बघतो.

तुझे,
आबा