अंधार नव्हे, अभयदान खटकले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या आठव्या पर्वातील तिसऱ्या भागाविषयी, म्हणजे 'द लाँग नाइट'विषयी, आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विंटरफेल गडावर चालून आलेल्या मृतांच्या फौजेशी झालेली लढाई दिसलीच नाही, पडद्यावर नुसता काळोख होता, ही पहिल्या दिवसापासूनची तक्रार लेखकाने पुन्हा मांडली आहे. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. 29 एप्रिल 2019 रोजी सकाळी साडेसहाला, अमेरिकेबरोबरच, हा भाग आपल्याकडे दाखवला गेला तेव्हा आमच्या दिवाणखान्यात उन्हाची तिरीप थेट टीव्हीवर येत होती. खिडकीला पडदा असतानाही वरून सोलापुरी चादर टांगली, टीव्हीचा उजेड होता तेवढा वाढवला, तरी बराच वेळ काचेत विंटरफेलच्या फौजेऐवजी कोचावर बसलेले आम्ही तिघेच दिसत होतो. छायाचित्रणकार फाबियन वॅग्नर यांनी नंतर हा अंधार हेतुपुरस्सर होता असे सांगून घरोघरच्या टीव्हीच्या सेटिंगकडे बोट दाखवले, तेही मला रुचले नाही, कारण प्रेक्षक हा भाग घरातच पाहणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होते.

तरीही सगळे खापर अंधारावर फोडणे मला पटत नाही, कारण या भागातला सर्वांत देखणा प्रसंग अंधारावरच उभा आहे. मांत्रिक मेलिसांद्रे येते, मंत्र म्हणते आणि गडाच्या बाजूने लढणाऱ्या दोथ्राकी या भटक्या जमातीच्या हजारो स्वारांची वाकडी पाती एकाच वेळी पेटतात. ते आरोळ्या ठोकत काळोखात घुसतात आणि तटावर उभ्या असलेल्यांना (आणि आपल्यालाही) फक्त दूरवर सरकत जाणारी ठिणग्यांची रांग दिसते. मग ती रांग तुटक होते, एकेक ठिणगी विझते, आवाज थांबतात. शत्रू अजून दिसलेलाही नसतो. तसाच पुढचा ग्रंथालयातला प्रसंग, ज्यात गडाच्या स्टार्क घराण्यातली आर्या मांडण्यांच्या आडोशाने दबक्या पावलांनी सरकते आणि तिच्या कपाळावरून ओघळलेला रक्ताचा एक थेंब फरशीवर पडताच त्या इवल्याशा आवाजाने मेलेले मान वळवतात. हे दोन्ही प्रसंग लख्ख उजेडात फिके पडले असते.

दिग्दर्शक मिगेल सापोचनिक यांनीच 2016 मध्ये याच मालिकेतला 'बॅटल ऑफ द बास्टर्ड्स' हा भाग केला होता. त्यात शत्रू बोल्टनच्या ढालींचे कडे आवळत जाते, मागे प्रेतांची रास चढते आणि मालिकेचा नायक जॉन माणसांच्या पायाखाली गुदमरतो, तेव्हा कोण कुठे अडकले आहे हे आपल्याला नेमके कळत असते. विंटरफेलच्या लढाईसाठी उत्तर आयर्लंडमध्ये 55 रात्री चित्रीकरण झाले, आणि एवढ्या कष्टांनंतर गोफणयंत्रे मात्र खंदकाच्या पुढे, पायदळाच्याही पुढे उघड्यावर मांडलेली! मेलेल्यांना उठवणाऱ्या शत्रूशी गाठ असताना बायका-मुलांना तळघरातल्या थडग्यांपाशी लपवण्याची युक्ती कोणाची, हेही कोडेच आहे.

पण हेही मी सोडून दिले असते. खरा दोष वेगळाच आहे, आणि लेखकाने त्याला स्पर्शही केलेला नाही. नायक वाटणाऱ्या नेड स्टार्कचे शिर पहिल्याच पर्वात उडवून या मालिकेने आपल्याला शिकवले होते की येथे कोणालाही अभय नाही. या रात्री मात्र जेमी आणि ब्रियेन हे दोघे योद्धे भिंतीला पाठ लावून मेलेल्यांच्या लोंढ्याखाली पुनःपुन्हा दिसेनासे होतात आणि पुनःपुन्हा सहीसलामत वर येतात. जॉनचा मित्र सॅम तर प्रेतांच्या ढिगावर उताणा पडून रडत सुरी चालवत असतो, जॉन त्याला तसाच टाकून पुढे जातो, आणि सकाळी सॅम जिवंतच! तीन-चार वेळा असे झाले की प्रेक्षक काळजी करायचे सोडून देतो. थिऑन, जोरा हे लढवय्ये आणि राक्षसाचा डोळा फोडून मरणारी छोटी लियाना यांचे मृत्यू मनाला भिडतात, पण त्यांची कहाणी पूर्ण झालेली होती, म्हणून त्यांना जाऊ दिले असेच वाटत राहते. दोथ्राकींच्या त्या पहिल्या हल्ल्यातच जोराला मारावे असे आपल्या मनात होते, असे खुद्द सापोचनिक यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले. मालिकेच्या लेखकद्वयाने ते मानले नाही. मानले असते तर त्या विझत्या ठिणग्यांमध्ये आपल्या ओळखीचे एक माणूस असते, आणि मग अंधाराबद्दल कोणी अवाक्षर काढले नसते.

आर्याने मृतांच्या फौजेचा राजा नाइट किंग याला मारले याबद्दल माझी तक्रार नाही. संगीतकार रामिन जवादी यांचा पियानो सुरू असताना डाव्या हातातून सुटलेला खंजीर उजव्या हाताने झेलणे, याची तयारी तिच्या कहाणीत आधीपासून होती.

पुढच्याच आठवड्यात उरलेल्या फौजेचा हिशेब झाला, तेव्हा दोथ्राकी निम्मे शिल्लक असल्याचे कळले. शेजारी बसलेल्या माझ्या भाचीने शांतपणे विचारले, "मामा, मग त्या रात्री विझले ते कोण होते?"

आपला,
एक जुना वाचक, सातारा