पिट्सबर्गची बिऱ्हाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या लोकसंख्येवर जो लेख आला, त्यातील दोन विधाने आपण चौकटीत ठळक अक्षरांत छापली आहेत. या शहरातील चाळीस टक्के लोक एकटे राहतात, हे पहिले. आणि तेथील निम्म्या लोकांना कुटुंबच उरलेले नाही, हे दुसरे. लेखकाने आकडे मनाने रचलेले नाहीत, हे मी आधीच मान्य करते. तथापि हे आकडे माणसांचे नसून बिऱ्हाडांचे आहेत. ते माणसांना लावल्यामुळे लेखाचा निष्कर्ष पार उलटा झाला आहे.

मी प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षिका. १९९१ आणि २००१ अशा दोन जनगणनांना सातारा जिल्ह्यात प्रगणक म्हणून घरोघर फिरले आहे. माझी लेक नोकरीनिमित्त पिट्सबर्गला असते आणि मी तिच्याकडे दोनदा सहा-सहा महिने राहून आले आहे. तेव्हा या विषयाच्या दोन्ही टोकांशी माझा थोडाबहुत संबंध आहे, एवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

लेखातील टक्केवारी २००० सालच्या अमेरिकी जनगणनेची आहे. (शेजारीच २०२० सालची लोकसंख्या दिली आहे आणि दोहोंत वीस वर्षांचे अंतर असल्याचा उल्लेख कोठेही नाही, हा माझा दुसरा आक्षेप, पण तो बाजूला ठेवते.) त्या वर्षी शहरात ३,३४,५६३ माणसे आणि १,४३,७३९ बिऱ्हाडे होती. या बिऱ्हाडांपैकी ३९.४ टक्के एकट्या माणसाची होती. म्हणजे साधारण साडेछप्पन हजार बिऱ्हाडे; आणि एका बिऱ्हाडात एकच माणूस, तेव्हा माणसेही तेवढीच. साडेतीन लाखांना जेमतेम कमी असलेल्या वस्तीत साडेछप्पन हजार म्हणजे सतरा टक्के. चाळीस कोठे आणि सतरा कोठे! पाच माणसांचे घर आणि एका माणसाचे घर बिऱ्हाडांच्या यादीत सारख्याच वजनाने मोजले जाते, त्यामुळे एकट्यांचा वाटा तेथे फुगलेला दिसतो. चौथीच्या वर्गाला हे गणित घातले असते, तर निम्म्या मुलांनी बरोबर सोडवले असते.

आता कुटुंब नसलेल्यांविषयी. अमेरिकी जनगणनेत बिऱ्हाडाची व्याख्या राहत्या जागेवर बेतलेली आहे: एका स्वतंत्र जागेत जे कोणी राहतात, ते सारे मिळून एक बिऱ्हाड, मग त्यांचे एकमेकांशी नाते असो वा नसो. ज्याच्या नावावर घर असते, त्याच्याशी रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकविधानाने जोडलेले निदान एक माणूस तेथे राहत असेल, तर ते कुटुंबी बिऱ्हाड; नसेल तर बिनकुटुंबी. पिट्सबर्गमध्ये २००० साली अशी बिनकुटुंबी बिऱ्हाडे ४८.४ टक्के होती, आणि लेखातील ‘निम्मे लोक’ येथूनच आले आहेत. परंतु उरलेल्या ७४,१६९ कुटुंबांत सरासरी २.९५ माणसे होती. गुणाकार केला की सुमारे दोन लाख एकोणीस हजार होतात, म्हणजे शहरातील जवळपास दोन तृतीयांश माणसे नात्यागोत्याच्या माणसांबरोबर एका छपराखाली राहत होती. शिवाय बिनकुटुंबी म्हणजे एकटेच असेही नाही. लग्न न करता वर्षानुवर्षे एकत्र राहणारी जोडपी, पदरी मूल नसेल तर, याच खान्यात जातात. आणि त्या वेळी समलिंगी जोडप्यांनाही दुसरा खाना उपलब्ध नव्हता.

माझी लेक राहते ते घर ग्रीनफील्ड भागातील एका चढावर आहे. दोन मजल्यांवर दोन बिऱ्हाडे, जिना बाहेरून. वरच्या मजल्यावर तीन विद्यार्थी राहत. त्यांचा फ्रीज मी एकदा पाहिला आणि मला आमच्या प्रगणनेची आठवण झाली. दुधाच्या तीन कॅनवर तीन नावे, अंड्यांच्या खोक्यावर नाव, इतकेच काय पण लोण्याच्या डबीवरही चिकटपट्टी लावून नाव लिहिलेले! तिघेही आपापला स्वयंपाक आपापल्या वेळी करीत. अमेरिकी हिशेबात हे तिघे मिळून एक बिनकुटुंबी बिऱ्हाड होते. आपल्याकडील व्याख्या मात्र चुलीवर बेतलेली आहे: एकत्र राहून एका स्वयंपाकघरातील अन्न खाणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. त्या नियमाने मला वरच्या मजल्यावर एकेका माणसाची तीन स्वतंत्र कुटुंबे लिहावी लागली असती, म्हणजे ज्या शहराला आपला लेखक एकाकी म्हणतो, ते आपल्याच मोजपट्टीने आणखी एकाकी दिसले असते.

उलट बाजूचा अनुभवही सांगते. १९९१ च्या फेब्रुवारीत एका वाड्यात मी गणना करीत होते. दारावर गेरूने एकच क्रमांक, आत दोन भाऊ. मागच्या सोप्यात दोन चुली, मध्ये कमरेएवढी भिंत. मी दोन कुटुंबे लिहायला घेतली, तेव्हा त्यांची आई पुढे येऊन म्हणाली, “बाई, चुली दोन हायेत, घर एकच हाय. एकच लिवा.” मी नियमाप्रमाणे दोन लिहिली. म्हातारी कोणत्या चुलीवर जेवते हे विचारले, तर म्हणाली की सोमवार ते बुधवार थोरल्याकडे, पुढे धाकट्याकडे. तिला मी थोरल्याच्या कागदावर चढवले. ते बरोबर होते की नाही याची मला आजही खात्री नाही. हाच वाडा पिट्सबर्गमध्ये असता आणि धाकट्याला बाहेरून वेगळे दार नसते, तर सगळे मिळून एकच बिऱ्हाड लिहिले गेले असते, आणि म्हातारीचे म्हणणे खरे ठरले असते.

मुळात घोळ शब्दाचा आहे. आपल्या जनगणनेच्या मराठी कागदांत ‘कुटुंब’ हा शब्द या अर्थाने रुळला, आणि लेखकाने तोच इंग्रजी ‘हाउसहोल्ड’साठी वापरला. मग ‘कुटुंबांपैकी निम्मी कुटुंबे कुटुंब नाहीत’ असे विचित्र वाक्य टाळण्यासाठी त्यांनी कुटुंबांच्या जागी लोक घातले असावेत. वास्तविक मराठीत ‘बिऱ्हाड’ हा नेमका शब्द केव्हापासून आहे. बिऱ्हाड एकट्याचे असू शकते, मित्रांचे असू शकते, नवराबायकोचे असू शकते. त्यात नाते गृहीत धरलेले नाही. आमच्या लहानपणी वाड्यात ‘बिऱ्हाडे किती?’ असे विचारीत, आणि त्यात कोपऱ्यातल्या खोलीतील एकटे पोस्टमास्तरही मोजले जात.

लोकसंख्या निम्म्यावर आली म्हणजे शहर ओसाड पडले, या लेखातील सुराविषयीही थोडे लिहिले पाहिजे. घसरण मोठी आहे यात वाद नाही. १९५० साली पिट्सबर्गची लोकसंख्या ६,७६,८०६ होती, १९८० साली ती सव्वाचार लाखांच्या आसपास आली आणि २०२० साली ३,०२,९७१ भरली. ऐंशीच्या दशकात पोलादाचे कारखाने बंद पडले, तेव्हा जी गेली ती प्रामुख्याने तरुण माणसे होती, आणि त्यांना पुढे होणारी मुलेही त्यांच्याबरोबरच गेली. मागे आईवडील राहिले. म्हणून तेथे पुढे जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत राहिले. हे दुःख खरे आहे, आणि लेखकाने ते चांगले मांडले आहे.

मात्र घसरणीचा मोठा हिस्सा घरे रिकामी झाल्यामुळे नसून घरातील माणसे कमी झाल्यामुळे आहे. १९५० च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत एका बिऱ्हाडात सरासरी सव्वातीनहून अधिक माणसे असत. २००० साली पिट्सबर्गमध्ये ती २.१७ होती. पिट्सबर्गची जुनी सरासरी देशाइतकीच धरली, तर एकाही घराला कुलूप न लागता शहराची एक तृतीयांश वस्ती कमी झाली असती. प्रत्यक्षात २००० साली शहरातील १,६३,३६६ राहत्या जागांपैकी सुमारे बारा टक्के रिकाम्या होत्या. ही संख्या लहान नाही, पण निम्मे शहर ओस पडल्याचे चित्र तिच्यातून निघत नाही. शिवाय २०१० ते २०२० या दशकात घट तीन हजारांहूनही कमी झाली, हे लेखात यायला हवे होते.

दुसरे असे की, पिट्सबर्गची हद्द लहान आहे. १९०७ साली नदीपलीकडचे ॲलेगेनी सिटी पोटात घेतल्यानंतर शहरात इतकी मोठी भर पुन्हा पडली नाही, आणि पिट्सबर्ग ज्यात येते त्या ॲलेगेनी काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागात, आजही १३० वेगवेगळ्या नगरपालिका आहेत. हद्दीबाहेर दोन मैलांवर घर घेतलेला माणूस शहराच्या दृष्टीने ‘गेला’. आपल्या लोकांना ठाऊक असलेले श्री वेंकटेश्वराचे मंदिर, जे १९७० च्या दशकात उभे राहिले, तेही शहरात नसून पेन हिल्स या उपनगरात आहे, आणि पहिल्या पिढीतील पुष्कळ मराठी मंडळीही अशीच हद्दीबाहेर राहिली. मोजणीत ती पिट्सबर्गची नव्हेतच.

शेजारच्या घरात एक आजी एकट्या राहत. पती हेझलवूडच्या कारखान्यात होते, ते वारले. मुलगा नॉर्थ कॅरोलायनात, मुलगी माउंट लेबनॉनला, म्हणजे हद्दीबाहेर पण गाडीने अर्ध्या तासाच्या आत. दर रविवारी सकाळी आजी स्वयंपाकघरातील जुनी खुर्ची उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवीत. मला आधी वाटले, उन्हात बसायचे असेल. लेकीने सांगितले की, ती गाडीची जागा राखून ठेवण्याची तेथील रीत आहे आणि ती खुर्ची कोणी हलवीत नाही. साडेदहाला मुलीची गाडी येई, खुर्ची आत जाई, आणि संध्याकाळपर्यंत त्या घरात सहा माणसे असत. जनगणनेच्या कागदावर हे बिऱ्हाड एका वृद्ध व्यक्तीचे. २००० साली अशी, म्हणजे पासष्टीपुढील एकट्या माणसाची, बिऱ्हाडे १३.७ टक्के होती, संख्येने एकोणीस-वीस हजार. त्याच वर्षी शहरात पासष्टीपुढील माणसे सुमारे पंचावन्न हजार होती. तेव्हा तीन वृद्धांपैकी एकापेक्षा थोडे अधिक एकटे राहत होते आणि बाकीचे राहत नव्हते. तिघांतील एक हेही थोडे नाही. पण लेख वाचून वाटते की तिघांतील तिघेही.

आणखी एक बारकावा. १,४३,७३९ बिऱ्हाडांना २.१७ ने गुणले तर तीन लाख बारा हजारांच्या आसपास माणसे होतात. उरलेली बावीस-तेवीस हजार कोठे गेली? ती वसतिगृहांत, वृद्धाश्रमांत आणि तुरुंगात आहेत. ओकलंड भागात पिट्सबर्ग विद्यापीठ आणि कार्नेगी मेलन विद्यापीठ जवळजवळ आहेत, तेथील वसतिगृहांतील मुले लोकसंख्येत धरली जातात, पण बिऱ्हाडांत नाही. लेखकाने एकूण लोकसंख्येला बिऱ्हाडांच्या संख्येने भागून जी सरासरी काढली आहे, ती म्हणूनच चुकली आहे.

आपल्याकडे २०११ नंतर रखडलेली जनगणना आता २०२७ साली व्हायची आहे. तिचे आकडे प्रसिद्ध होतील तेव्हा आपल्याच शहरांविषयी अशीच वाक्ये छापून येण्याचा संभव आहे. तोवर, या लेखातील चौकटीपुरता तरी दोन ओळींचा खुलासा येत्या रविवारी छापावा आणि त्यात आकडे कोणत्या सालचे आहेत तेही द्यावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)