ड्रम्सच्या रियाजासाठी कंपाउंडमधली जुनी खोली मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, जळगाव

सप्रेम नमस्कार.

इमारतीत ड्रम्स वाजवायला पूर्ण मनाई करण्याचा ठराव येत्या सभेत येणार आहे, असं सूचना फलकावर वाचलं. ड्रम्स शिकणारी सोसायटीत एकटी माझी मुलगीच आहे. मतदानाआधी माझं म्हणणं कमिटीने ऐकून घ्यावं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्रास होतो, हे मला मान्य आहे. स्नेअर (काड्यांनी वाजवायचा छोटा ड्रम) आणि झांजांचा आवाज हवेतून जातो. दारं-खिडक्या लावल्या की बराच अडतो. पायाने वाजवायच्या मोठ्या बास ड्रमच्या पेडलचा ठोका मात्र फरशीतून थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खाली धप् धप् ऐकू येतो. ‘इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्या, हेडफोन लावा’ या सूचनेने म्हणूनच प्रश्न पूर्ण सुटत नाही. पॅड शांत झाले तरी पायाचा ठोका स्लॅबमधून जातोच. शिवाय स्नेअरवर हलका हात कसा ठेवायचा, हे खऱ्या ड्रमवरच नीट कळतं.

कंपाउंडच्या भिंतीलगतची वॉचमनची जुनी खोली इमारतीला जोडलेली नाही. सध्या तिथे रंगाचे रिकामे डबे आणि मोडक्या खुर्च्या आहेत. ती आम्हाला संध्याकाळी ५ ते ७ वापरायला द्यावी. साफसफाई, दाराला रबराची पट्टी, भिंतींना जाड गाद्या, ड्रम्सना मेश हेड (आवाज कमी करणारे जाळीचे पडदे) हा सगळा खर्च मी करीन, विजेचं बिलही भरीन. परीक्षांच्या दिवसांत मुलं अभ्यासाला बसतात. तेव्हा वाजवणं बंद. ड्रम्सचा आवाज जवळून १०० डेसिबलच्या वर जातो आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे. त्यामुळे सर्वांत जवळच्या खिडकीत सेक्रेटरींनी स्वतः आवाज मोजावा. जास्त भरला तर आम्ही थांबू.

मागच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, ‘हे काय वाद्य आहे, नुसता धिंगाणा.’ ते मला फार लागलं. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये ढोल एकाकडे, ताशा दुसऱ्याकडे, झांज तिसऱ्याकडे असते. ड्रम्सवर ही सगळी कामं एकच माणूस दोन हात आणि दोन पायांनी करतो. १९०९ साली लुडविग बंधूंनी शिकागोत बास ड्रमचं वेगवान पेडल बाजारात आणलं आणि हे वादन खूप सोपं झालं. चारही अवयव वेगवेगळ्या लयीत चालवायला वर्षं लागतात आणि त्याला रोज बसावं लागतं. श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला वाजंत्री वाजली की आपल्या सोसायटीतले सगळेच नाचतात. तो ठेका माझी मुलगी त्या वाजंत्रीवाल्यांचे हात बघून ड्रम्सवर बसवते आहे.

एक महिना ही खोली द्या. त्यानंतर काकूंना विचारा आणि त्या सांगतील तसं ठरवा.

आपला,
एक सभासद, बी विंग